थंडीतले पक्षी आणि आपल्या ऐपतीचा कॅमेरा



ऐन वैशाखात, अंगाची काहिली होत असताना, मी आपल्यापुढे थंडीच्या सहलीचे सामान मांडणार आहे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण हा विषय बोलायचा तो याच दिवसांत. दिवाळीला बोनसचे पैसे हातात असतात, दुकानावर सवलतीचे फलक झळकत असतात. अशा वेळी घेतलेला निर्णय बहुधा दुकानदाराचा असतो, आपला नसतो. आज आपल्याजवळ सहा महिने आहेत आणि खिसाही बहुतेकांचा रिकामा आहे. विचार करायला याहून चांगली स्थिती कोणती?

ज्या गोदावरीच्या काठी आपण बसलो आहोत तीच पुढे चाळीसएक किलोमीटरवर निफाड तालुक्यात कादवेला भेटते. तिथे इंग्रजी अमदानीत बंधारा घातला गेला, त्यामागे गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि माणसाने शेतीसाठी अडवलेले पाणी पक्ष्यांनी आपले केले. तेच नांदूर मधमेश्वर. २०२० च्या जानेवारीत त्याचे नाव रामसर यादीत जाहीर झाले. महाराष्ट्रातले या यादीतले ते पहिले पाणथळ. हिवाळ्यात तिथे तलवार बदके, थापटे, चक्रवाक उतरतात. चित्रबलाक, शेकाटे आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी असतात. आमच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पोरे दर हिवाळ्यात तिकडे मोटारसायकली काढतात, आणि त्यांच्याबरोबर मीही जातो. संघटनेच्या कार्यालयात माझ्याकडे वेतनकराराचे जितके प्रश्न येतात, जवळजवळ तितकेच हल्ली लेन्सचे येतात. म्हणून चालकांनी मला इथे उभे केले असावे. मी काही या विद्येचा पदवीधर नव्हे. जे कळले ते जुनी मासिके, उसनी पुस्तके आणि पहाटेचे मनोरे यांच्याकडून.

पहिला प्रश्न प्रत्येक जण एकच विचारतो: "साहेब, किती एमएमची घेऊ?" मी उलट विचारतो, "पक्षी किती लांब असेल?" यंत्रशाळेत नुसते "मोठे टूल द्या" असे कोणी मागत नाही, आधी जॉब सांगतो, मग टूल मागतो. इथेही हिशेब तसाच आहे, आणि तो त्रैराशिकाच्या पलीकडचा नाही.

लेन्सवर जो मिलिमीटरचा आकडा असतो, ते तिचे नाभीय अंतर. पक्ष्याच्या लांबीला या आकड्याने गुणायचे आणि पक्षी जितका दूर असेल त्या अंतराने भागायचे, की कॅमेऱ्यातल्या संवेदकावर, म्हणजे पूर्वी जिथे फिल्म असे त्या जागी, पक्ष्याचे चित्र केवढे पडेल ते कळते. पट्टकादंब घ्या. हिमालय ओलांडून येणारा हा हंसाच्या जातीचा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत पाऊण मीटरच्या आसपास भरतो. तो पन्नास मीटरवर आहे आणि आपली लेन्स ४०० मिलिमीटरची आहे. चित्र पडेल ६ मिलिमीटरचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यांत संवेदक लहान मापाचा, सुमारे २३ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे पक्ष्याने चौकटीचा चौथा भाग व्यापला. वाईट नाही. ज्याला फुल फ्रेम म्हणतात त्या महाग कॅमेऱ्याचा संवेदक ३६ मिलिमीटरचा. तिथे तोच पक्षी चौकटीचा सहावा भाग होतो. दूरच्या पक्ष्यापुरते पाहिले तर स्वस्त कॅमेरा असा कामाला येतो, हे दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. मोठ्या संवेदकाला अंधुक उजेडात जास्त चांगले दिसते, हेही तितकेच खरे. पण त्याची किंमत मोजून पुन्हा त्याला साजेशी लांब लेन्स घ्यावी लागते.

आता तोच पक्षी पंचवीस मीटरवर आला तर? २०० मिलिमीटरच्या लेन्सनेही चित्र ६ मिलिमीटरचेच पडेल. अंतर निम्मे झाले की लेन्स दुप्पट झाली. लव्हाळ्यात फिरणारा निळ्या गळ्याचा शंकर तर वीतभरही नसतो, पंधरा सेंटिमीटरचा; त्याचे ६ मिलिमीटरचे चित्र हवे तर ४०० च्या लेन्सने दहा मीटरवर असायला हवे. म्हणून माझे पहिले सांगणे असे की लेन्स घेण्याआधी एक हिवाळा रिकाम्या हातांनी, नाही तर नुसती दुर्बीण घेऊन जावे. आठ पट मोठे दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर तोंडाची दुर्बीण लेन्सच्या मानाने फारच स्वस्त पडते. कोणता पक्षी कुठे बसतो, माणसाला किती जवळ येऊ देतो, आपल्याला नेमके काय आवडते, हे तिच्यातून कळते. काहींना पक्ष्यांपेक्षा धुक्यातला नदीकाठच अधिक आवडतो असे त्यांना तिथे गेल्यावर उमगते. त्यांचे पैसे वाचले! कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची लहान लेन्स त्यांना पुरते.

हे अंतर जागेजागेला बदलते, म्हणून दुसऱ्या एका ठिकाणाचे उदाहरण देतो. भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी भिगवणच्या बाजूला पसरले आहे. तिथे कुंभारगाव, डिकसळ या बाजूंना मच्छीमार बांधव आपल्या नावेतून पक्षी दाखवतात. पाणी ओसरू लागले, चिखल उघडा पडला, की रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे दिसतात. नांदूरला आपण मनोऱ्यावर किंवा काठावर असतो. पक्षी ठरवील तेवढे अंतर. तिथे ५०० - ६०० मिलिमीटरचा उपयोग होतो. भिगवणला नाव हळूहळू चाळीस मीटरपर्यंत जाते, आणि सव्वा मीटर उंचीचा रोहित २०० च्या लेन्समध्येही ऐटीत उभा राहतो. साऱ्या थव्याचे चित्र हवे असेल तर ६०० ची लेन्स अडचणच करते. शिवाय हलत्या नावेत दोन किलोची लांब लेन्स धरून बसणे म्हणजे भरल्या घागरीने बसमधून प्रवास करण्यासारखे. भिगवणसाठी ७०-३०० ची साधी लेन्स, नांदूरसाठी १५०-६०० सारखी. एकच लेन्स "सर्वांत चांगली" कशी असेल?

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि पैशाचा सारा खेळ इथे आहे. लेन्सवर मिलिमीटरनंतर जो एफचा आकडा असतो तो तिच्या तोंडाचे माप सांगतो. नाभीय अंतराला त्या आकड्याने भागा. ६०० ला ४ ने भागले तर १५० मिलिमीटर. एवढ्या रुंद तोंडाची, ताटलीएवढी काच निर्दोष घासायची आणि तिच्यामागे आणखी डझनावारी काचा बसवायच्या. म्हणून ६०० एफ-४ ची लेन्स तीन किलोची होते आणि दहा लाखांच्या वर जाते. ६०० ला ६.३ ने भागले तर सुमारे ९५ मिलिमीटर. टॅमरॉन-सिग्माच्या १५०-६०० लेन्सचे तोंड एवढेच असते, वजन दोन किलोच्या आसपास आणि किंमत लाखाच्या आगेमागे. कॅननने २०२० साली एफ-११ च्या ६०० आणि ८०० च्या लेन्स काढल्या. त्यांतली ८०० ची लेन्ससुद्धा सव्वा किलोचीच आहे, कारण तोंड लहान. दहा लाखांच्या लेन्सने लाखाच्या लेन्सपेक्षा अडीचपट उजेड आत येतो. दहापट पैसे, अडीचपट उजेड. ज्याचे पोट या धंद्यावर आहे त्याला तो अडीचपट उजेड परवडतो. आपल्यासारख्याला मात्र त्याच्या बदल्यात तासभर थांबता येते. सूर्य वर आला की उजेड आपोआप वाढतो, आणि त्याला हप्ता पडत नाही.

पण तास किती थांबायचे याला मर्यादा आहे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो. निफाडची थंडी आपल्याला माहीतच आहे. काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली जातो, आणि द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. तो धूर आणि नदीवरचे धुके साडेसातपर्यंत रेंगाळते. मग आठ ते दहा हे खरे सोन्याचे दोन तास. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून, कलत्या वाटेने जातो. त्यामुळे उजेड बराच वेळ तिरपा आणि मऊ राहतो. दहाच्या पुढे ऊन जमीन तापवू लागते, वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा एकमेकींत मिसळते, आणि दूरचे सारे दृश्य पाण्यात पाहिल्यासारखे थरथरते. ही थरथर कोणतीच लेन्स काढू शकत नाही. लाखाची नाही आणि दहा लाखांचीही नाही. उलट लेन्स जितकी लांब तितकी थरथर मोठी दिसते. पुष्कळ लोक घरी येऊन लेन्स वाईट निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतात. दोष बाराच्या उन्हाचा असतो.

उडत्या बदकासाठी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेग ठेवावा लागतो, बसलेल्या बगळ्याला पाचशेवा भागही चालतो. लेन्समध्ये हल्ली कंप थोपवणारी यंत्रणा असते. ती आपल्या हाताचा कंप थोपवते, पक्ष्याची हालचाल नव्हे. हे ध्यानात ठेवावे. उजेड कमी पडला तर आयएसओ १६०० किंवा ३२०० करायला आजच्या कॅमेऱ्यात घाबरू नये. थोडा रवाळ पण ठसठशीत पक्षी चालतो. गुळगुळीत आणि हललेला पक्षी फुकट जातो. रोहित, बगळे यांचा पांढरा रंग उन्हात भाजून निघतो, म्हणून तिथे उजेड किंचित कमी घ्यावा, आणि धुक्यात किंचित जास्त. एवढे आले की पुरे. कॅमेऱ्याच्या पोटात आणखी शंभर पर्याय असतात, त्यांच्या नादी लागू नये.

आता जरा पैशाविषयी स्पष्ट बोलू. आमच्यातल्या एका लेथवरच्या मुलाने लाखाची लेन्स हप्त्याने घ्यायचे ठरवले. हातात पडणारा पगार अठरा हजार, तोही कंत्राटी. हप्ता पाच हजारांच्या घरात, दोन वर्षे. कंत्राट अकरा महिन्यांचे आणि कर्ज चोवीस महिन्यांचे! मी त्याला छंद सोड असे सांगितले नाही. गरिबाने भाकरीपुरते पाहावे, पक्षी-बिक्षी श्रीमंतांचे चोचले, हे बोलणे मला मालकांच्या तोंडूनही आवडत नाही आणि आमच्या काही पुढाऱ्यांच्या तोंडून तर मुळीच नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १८९० साली रविवारची सुटी मिळवली. ती काय केवळ झोप काढण्यासाठी? त्या रविवारी कामगाराने चक्रवाकांची जोडी पाहायला जावे, आणि तिचे चित्र घरी आणून भिंतीवर लावावे, यात मला लोखंड्यांच्या कामाची पुढची पायरी दिसते. प्रश्न छंदाचा नाही, कर्जाचा आहे.

म्हणून त्याला म्हटले, आधी भाड्याने आण. पुण्या-मुंबईत अशी दुकाने आहेत, आता आपल्याकडेही आहेत. ओळखपत्र आणि अनामत ठेवली की लाखाची लेन्स दोन-तीन दिवसांसाठी काही हजारांत मिळते. तो शनिवार-रविवार जोडून नांदूरला गेला आणि हजारावर चित्रे काढून आला. मग आम्ही बसलो आणि हिशेब तपासावा तसा तो ढीग तपासला. हल्लीच्या कॅमेऱ्यात एक मोठी सोय आहे: प्रत्येक चित्राबरोबर ते किती वाजता, किती मिलिमीटरवर, कोणत्या वेगाने घेतले ते आपोआप नोंदले जाते. मस्टरसारखेच. त्या नोंदींत असे दिसले की बहुतेक चित्रे ६०० वरची होती; पण स्वतः त्याने जी वीस-पंचवीस ठेवण्याजोगी म्हणून निवडली, ती जवळजवळ सारी साडेनवाच्या आतली होती, आणि पक्षी आपण होऊन जवळ आलेले होते. त्यांतली काही ३०० - ४०० वर घेतलेली निघाली. लांबवरच्या थव्यांवर ६०० ताणून घेतलेली शेकडो चित्रे त्याने स्वतःच्याच हाताने पुसली. ज्याच्याजवळ जुना कॅमेरा आहे त्याने दुकानात जाण्यापूर्वी आपल्या आवडत्या चित्रांच्या नोंदी अशा तपासाव्यात.

पुढे त्या मुलाने आणखी तिघांना गाठले आणि चौघांनी मिळून एक वापरलेली १५०-६०० ची लेन्स रोख घेतली. आमचा धंदाच करारनामे लिहिण्याचा, तेव्हा त्यांचाही एक करारनामा लिहून दिला. कोणता रविवार कोणाचा, पडली-फुटली तर दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, एखादा गाव सोडून गेला तर त्याचा हिस्सा कोणी आणि कोणत्या भावाने घ्यायचा, आणि पावसाळ्यात लेन्स कोणाच्या घरी राहील. चौघेही एकाच कंपनीचे कॅमेरे वापरणारे हवेत, नाहीतर लेन्स बसायची नाही. ही अट पहिल्या ओळीत. कराराला आता तीन हिवाळे झाले. भांडण एकदाच झाले, तेही लेन्सवरून नाही, मोटारसायकलच्या पेट्रोलवरून.

वापरलेली लेन्स घेताना एक परीक्षा अवश्य करावी. मागचे-पुढचे झाकण काढून एका बाजूने बॅटरीचा झोत टाकावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी हात जोडून परत करावी. चार-दोन धुळीच्या कणांनी काही बिघडत नाही.

बाकीच्या सामानाचे थोडक्यात सांगतो. तिपाई भिगवणच्या नावेत निरुपयोगी आणि मनोऱ्यावर दुसऱ्यांच्या पायांत येणारी. काठावर बसून राहायचे असेल तरच न्यावी. तिच्यापेक्षा जुन्या पँटीचा पाय कापून दोन्ही बाजूंनी शिवलेली पिशवी बरी. रिकामी न्यावी, गावात दोन किलो तांदूळ घेऊन भरावी, कठड्यावर किंवा नावेच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. परतताना तांदूळ घरी येतात. दोनपट करणारे जोडभिंग एफ-६.३ च्या लेन्सला लावू नये. चौपट उजेड खाते, आणि नेम धरणारी यंत्रणा आंधळ्यासारखी चाचपडू लागते. पुढे लावायच्या संरक्षक काचेपेक्षा उन्हाची टोपी, ज्याला हूड म्हणतात ती, अधिक कामाची. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जास्तीची एक आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. आणि गारठलेला कॅमेरा एकदम माणसांनी भरलेल्या गाडीत किंवा चहाच्या वाफेजवळ नेऊ नये, काचेवर दव धरते. पिशवीत बंद करूनच आत न्यावा आणि अर्धा तास उघडू नये. हातमोज्यांची बोटे कापून घ्यावीत. कपडे मातकट रंगाचे असावेत; संघटनेचा लाल शर्ट मोर्च्याला शोभतो, लव्हाळ्यात नाही.

जवळ जाण्याची विद्या लेन्सपेक्षा जुनी आहे. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांनी भरलेले पुस्तक काढले. त्या काळी असल्या लांब लेन्स कुठल्या? त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन उभे राहिले. आपल्याकडे मद्रासचे एम. कृष्णन निरनिराळ्या यंत्रांचे भाग जुळवून तयार केलेला अवजड कॅमेरा घेऊन जंगलात हिंडत आणि त्यातून कृष्णधवल चित्रे काढीत. आपल्याला बैल बनवायला नको. नांदूरच्या काठावर एका जागी पाऊण तास न हलता बसले की पक्षी आपल्याला झाडाचा बुंधा समजू लागतात.

या बसण्याचा कंटाळा आलेले लोक भिगवणला एक वाईट गोष्ट करतात. नाव थव्यात घालायला लावतात. रोहित पाण्यावर धावत सुटतात, मग उडतात, पंखांचा गुलाबी-काळा रंग उघडतो, आणि चित्र मोठे देखणे येते. नावाड्याच्या हातावर शंभराची नोट जास्त पडते. मी नावाड्याला दोष देणार नाही. हंगाम चार महिन्यांचा, घर बारा महिने चालवायचे; गिऱ्हाईक सांगेल ते तो करणार. दोष सांगणाऱ्याचा आहे. चिखलातून चरून जमवलेली शक्ती पक्षी अशा पळापळीत खर्च करतो, आणि दिवसातून दहा नावांनी हेच केले तर तो ती जागा सोडतो. मग नावाड्याचाही हंगाम गेला. आम्ही निघण्यापूर्वीच नावाड्याला ठरल्यापेक्षा थोडे जास्त देतो आणि सांगतो, नाव चाळीस मीटरवर थांबव, वल्हे आत घे, आणि आम्ही म्हणेपर्यंत बस. तो हसतो, पण थांबतो. त्यालाही विड्या ओढायला वेळ मिळतो. पंधरा-वीस मिनिटांत थवा चरत चरत आपणच नावेकडे सरकतो, आणि ७०-३०० ची पंधरा हजारांची लेन्ससुद्धा मोठी वाटू लागते.

ज्यांच्याजवळ आज लेन्स आहे त्यांनी येत्या पावसाळ्याची तजवीज आताच करावी. कपाटातल्या कापडी पिशवीत लेन्स ठेवली तर गणपतीपर्यंत तिच्यात बुरशी धरते. धान्य ठेवण्याचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि त्यांचे दाणे रंग बदलू लागले की मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करून घ्यावेत. पंधरवड्यातून एकदा उघडीप पडली की लेन्स बाहेर काढून उजेडात हाताळावी. आणि तोपर्यंत सरावासाठी नांदूरला जाण्याची गरज नाही. इथे घाटावर, पुलाच्या खालच्या अंगाला, सकाळी सातला ढोकरी दगडावर मान आखडून बसलेली असते. मासा दिसेपर्यंत ती हलत नाही. तोवर आपल्यालाही हलता येत नाही. पंधरा सकाळी तिच्यासमोर बसावे, मग नोव्हेंबरात पिशवी भरायला घ्यावी.